अकरा घरांच्या चाव्या: मुलुंड पूर्वेतील एका इमारतीचे प्रकरण

मुलुंड पूर्वेला नवघर रोडच्या आतल्या एका गल्लीत आमची सोळा घरांची सहकारी सोसायटी आहे. इमारत १९७४ सालची, तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर चार घरे, लिफ्ट नाही. मी गेली सहा वर्षे सोसायटीचा सचिव आहे आणि पुढचे प्रकरण त्याच नात्याने पाहिलेले, काही अंशी माझ्याच हलगर्जीपणामुळे चिघळलेले आणि नंतर सर्वांनी मिळून कसेबसे निस्तरलेले आहे. घडले ते एवढेच, की तळमजल्यावर दोन नंबरमध्ये राहणाऱ्या काकू खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी जून महिन्यात पुण्याला लेकीकडे गेल्या आणि साडेचार महिन्यांनी परत आल्या. आमच्या इमारतीची दुपार इतकी वर्षे कोण सांभाळत होते, हे त्या साडेचार महिन्यांत आम्हाला कळले.

मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर मुंबई महापालिकेच्या हद्दीतले शेवटचे स्टेशन मुलुंड. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते सुमारे ३१ किलोमीटरवर आहे आणि धिम्या गाडीने तिथवर पोहोचायला तासभर लागतो. आमच्या सोसायटीचे मूळ सभासद बँका, विमा, गोदी आणि मंत्रालयातले नोकरदार होते आणि त्यांनी घर घेताना पहिली चौकशी स्टेशन किती मिनिटांवर आहे याचीच केली होती, असे त्यांतले हयात असलेले दोघे आजही सांगतात. बारा मिनिटे, हे त्याचे उत्तर. पन्नास वर्षांत इमारतीच्या गिलाव्यापासून गेटपर्यंत सगळे बदलले, पण ही बारा मिनिटे कायम राहिली आणि त्यांच्याच भोवती घराघरांतले डबे, अंघोळीचे क्रम आणि भांडणेसुद्धा लागत गेली.

स्टेशनला धरून राहणाऱ्या वस्तीत माणसाचा दिवस घरात मोजला जात नाही. मी स्वतः सात पन्नासला घराबाहेर पडतो. गर्दीच्या वेळी मुलुंडला बसायला जागा मिळत नाही, म्हणून ठाण्यापर्यंतचा पास काढून आधी डाऊन करायचे, म्हणजे उलट्या दिशेने ठाण्याला जायचे आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून परत मुलुंडवरून पुढे निघायचे, हा माझा अनेक वर्षांचा क्रम आहे. त्यात पंधरावीस मिनिटे जास्त जातात, पण पाठ शाबूत राहते. संध्याकाळी घरी पोहोचायला पावणेआठ होतात. जवळजवळ बारा तास माझे घर माझ्याशिवाय असते, आणि सोळांपैकी अकरा घरांत हीच परिस्थिती आहे. या अकरा घरांच्या चाव्या काकूंकडे होत्या.

त्या चाव्यांचा पाट वर्णन करण्यासारखा आहे. काकूंच्या सासूबाईंचा जेवणाचा सागवानी पाट दाराआडच्या भिंतीवर उभा ठोकलेला आणि त्यावर तीन ओळींत खिळे. चाव्यांवर नावे किंवा नंबर नव्हते. सात नंबरच्या चावीला शर्टाचे निळे बटण, बाराच्या चावीला आइस्क्रीमची काडी, चौदाच्या चावीला लाल लोकर, आमच्या चावीला पासाच्या जुन्या पाकिटाचा कातरलेला तुकडा. चोराने पाट उचलून नेला असता तरी त्याला कोणते घर कोणाचे हे समजले नसते. ही खूण काकूंनी विचार करून ठरवली होती की हाताशी आले ते बांधले, हे मी कधी विचारले नाही.

सुरुवातीला ही व्यवस्था म्हणून कोणी उभी केली नव्हती. पहिल्या पिढीत दुपारी घरी असणाऱ्या गृहिणी जवळपास प्रत्येक दारामागे होत्या आणि चावी कुठेही ठेवली तरी चालत असे. पुढे सुना नोकरी करू लागल्या, सासवा थकल्या किंवा गेल्या, आणि दुपारी उघडे असणारे दार एकेक करून मिटत गेले. दोन नंबर तेवढे उघडे राहिले, कारण काकांच्या पश्चात काकू एकट्याच होत्या, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट गेटवर उघडत होती आणि जिना चढणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या जाळीच्या दारासमोरूनच जावे लागत होते. मुळात जे काम सोळा घरांत विभागलेले होते ते तीस-पस्तीस वर्षांत एका घरात येऊन साचले. यातली प्रत्येक पायरी इतकी लहान होती की ती कोणाच्या नजरेत भरली नाही.

दुसरा बदल कार्यालयांच्या बाजूने झाला. पूर्वी आमच्या इमारतीतले बहुतेक कमावते एकाच दिशेला, फोर्ट भागात जात आणि साधारण एकाच सुमाराला परतत. संध्याकाळी सातच्या आसपास जिन्यात चपलांचा आवाज सुरू झाला की इमारत भरत असे. नंतर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, १९९९ मध्ये ऐरोलीचा पूल झाला आणि खाडीपलीकडच्या कचेऱ्या मुलुंडकरांच्या आवाक्यात आल्या. मंत्रालयातही २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, पण त्याबरोबर रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी लांबली. आज आमच्याकडचे एक जोडपे सकाळी एकाच वेळी निघते, नवरा कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाने संकुलात जातो, बायको हायवेवरून बसने ऐरोलीला जाते, आणि संध्याकाळी त्यांच्या परतण्यात दोन-दोन तासांचा फरक पडतो. डब्यातला गटही त्यामुळे मोडला. डब्यात भेटणारा शेजारी जिन्यात भेटला नाही तरी चालत होते. आता तो दोन्हीकडे भेटत नाही.

इथे एक आक्षेप अपेक्षित आहे. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि सर्वसामान्य प्रवाशांसाठी त्या १ फेब्रुवारी २०२१ ला, तेही ठरावीक वेळांपुरत्या, पुन्हा खुल्या झाल्या. त्या काळात सगळे घरीच होते, मग दुपारचे काम तेव्हाच का उमगले नाही? माझे उत्तर असे की ती आपली दुपार नव्हतीच. सगळी दारे उघडी असताना चाव्या पाटावर नुसत्या लटकत होत्या आणि आम्ही गच्चीवर चालताना एकमेकांना ओळखू लागलो म्हणून खूश होतो.

काकू जूनमध्ये निघाल्या तेव्हा आम्ही वर्गणी काढली, फळांची करंडी दिली आणि मी दोघांना स्टेशनवर सामान पोहोचवायला पाठवले. काकूंनी आदल्या रात्री प्रत्येक चावी पाकिटात घालून ज्याची त्याच्या हाती परत केली होती. आम्ही अकरा जणांनी ती पाकिटे घेतली आणि आपापल्या कपाटात ठेवून दिली. पुढे काय करायचे हे त्या वेळी कोणाच्या मनात आले नाही, आणि सचिव म्हणून ते यायला हवे होते ते मुख्यतः माझ्या.

पहिल्या पंधरवड्यात फक्त बारीकसारीक गोष्टी अडू लागल्या. सात नंबरचा गॅस सिलेंडर दोनदा परत गेला. महावितरणचा माणूस रीडिंग घ्यायला आला तेव्हा मीटरच्या खोलीची किल्ली सापडली नाही (मुंबईत असूनही मुलुंड-भांडुपला वीज महावितरणची आहे, ही गोष्ट दादरच्या नातेवाइकांना दर वेळी नव्याने सांगावी लागते). बारा नंबरच्या मुलाच्या पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला आले आणि बंद दार पाहून गेले. पोस्टमनने रजिस्टर्ड पत्राची चिठ्ठी दाराला खोचली, ती पावसात भिजून वाचता येईना. दुपारी घरात कोणीतरी असणार हे टपाल, गॅस, पोलीस, शाळेची बस, पोळ्यांची बाई असे सगळे गृहीत धरतात, आणि अकरा कुटुंबे मात्र ते नसणार या हिशेबाने जगत असतात. या दोन हिशेबांमधला फरक काकू भरून काढत होत्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी तो फरक पाण्याच्या रूपाने जिन्यावरून खाली आला. आदल्या रात्री पंपाची मोटर जळाली होती, त्यामुळे सकाळी वरच्या टाकीत पाणी नव्हते. चौदा नंबरच्या घरात कोणीतरी नळ फिरवून पाहिला, पाणी आले नाही, आणि आठ सहाच्या गाडीच्या घाईत तो उघडाच राहिला. साडेबारापर्यंत मोटर दुरुस्त झाली, टाकी भरली, आणि बेसिनच्या जाळीवर भांड्यांचा चोथा अडकलेला असल्याने पाणी ओट्यावरून खाली, दारातून बाहेर आणि स्लॅबमधून दहा नंबरच्या छतात उतरले.

दहा नंबरमध्ये नाना राहतात. बँकेत अडतीस वर्षे नोकरी करून ते त्याच वर्षी मार्चअखेर निवृत्त झाले होते. पंख्याच्या दांडीवरून पाणी ओघळताना दिसले तसे ते वर गेले, कुलूप पाहिले आणि खाली उतरून थेट दोन नंबरच्या जाळीशी जाऊन उभे राहिले. तिथेही कुलूप. ते नंतर सांगत होते, की काकू पुण्याला आहेत हे त्यांना चांगले ठाऊक होते, वर्गणीही त्यांनीच गोळा केली होती. तरी पाय आपोआप तिकडे वळले. चौदा नंबरच्या वहिनींचा फोन लागेना, कारण त्यांच्या कचेरीत कामाच्या मजल्यावर मोबाईल नेऊ देत नाहीत. त्यांच्या यजमानांनी फोन उचलला आणि लगेच निघाले, पण संकुलातून कुर्ला, कुर्ल्याहून मुलुंड आणि मग ती बारा मिनिटे असा हिशेब सव्वा तासाच्या खाली येत नाही.

वॉचमन गच्चीवर व्हॉल्व्ह बंद करायला गेला. टाकीखाली चार व्हॉल्व्ह आहेत, एकेका उभ्या रांगेचा एकेक, आणि एकावरही खूण नाही. त्याने पहिला बंद केला तो चुकीच्या रांगेचा. वॉचमन एजन्सीचा, आमच्याकडे येऊन त्याला जेमतेम सात आठवडे झाले होते, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शेवटी नानांनी पुण्याला फोन लावला. काकूंनी अंथरुणावरूनच सांगितले, “जिन्याच्या बाजूचा दुसरा बघा, त्याचा निळा रंग उडालाय आणि चाकाला सुतळी बांधलीय. घट्ट आहे, फडकं घेऊन फिरवा.” सुतळी होती. पाणी थांबले. नंतर काकूंनी विचारले, “माझ्या घरात उतरलं का हो?” दोन, सहा, दहा आणि चौदा हे एकाखाली एक येतात, हे तोवर आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते. सुदैवाने पाणी दहा नंबरच्या खाली उतरले नाही. चौदा नंबरची दुसरी चावी, लाल लोकरीसकट, चौदा नंबरच्याच कपाटात सुरक्षित होती.

नानांच्या छताचे प्लास्टर आणि कपाटामागच्या भिंतीचा रंग गेला, गादी टाकून द्यावी लागली. चौदा नंबरने खर्च देऊ केला, नानांनी अर्धा घेतला, आणि त्यावर वाद झाला नाही. वाद झाला तो सभेत.

सभा घेणे हेच आमच्याकडे कष्टाचे काम. उपविधीप्रमाणे सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी कमी असेल तेवढी गणसंख्या लागते, म्हणजे आम्हाला अकरा. आठवड्यातल्या दिवशी रात्री साडेनऊच्या आधी अकरा माणसे जमत नाहीत आणि साडेनऊनंतर ती जागी राहत नाहीत. माझा अनुभव असा, की रविवारी मेगाब्लॉक असेल तरच सभा भरते, कारण त्या दिवशी कोणी लग्नालाही धड जाऊ शकत नाही. तसा रविवार पाहून मी सभा बोलावली.

चाव्या वॉचमनकडे ठेवाव्यात ही पहिली सूचना दोन मिनिटांत बारगळली. एजन्सी दर तीन-चार महिन्यांनी माणूस बदलते आणि नव्या माणसाला अकरा घरे उघडी करून द्यायला कोणी तयार नव्हते. आकड्यांची कुलुपे बसवावीत हे तरुण सभासदांचे म्हणणे होते आणि चार घरांनी ती पुढे बसवलीही. त्यांचा उपयोग आहे, मी नाकारत नाही. पण आकडा फोनवरून सांगितल्याने दार उघडते, आत जाऊन नळ बंद करायला माणूस लागतोच, आणि त्यांच्यातल्या एका घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांना तो आकडा आठवत नसल्यामुळे बॅटरी चांगली असूनही ते दोनदा जिन्यात बसून राहिले. मग कोणीतरी ‘पगारी माणूस’ सुचवला, कोणी ‘अ‍ॅप’ सुचवले, आणि चर्चा भरकटू लागली तेव्हा नाना उठून म्हणाले, “मी घरी असतो. मला नीट येत नाही, पण मी असतो.”

नानांना खरेच नीट येत नव्हते. अडतीस वर्षांत त्यांनी इमारत फक्त सकाळी आठच्या आधी आणि रात्री आठनंतर पाहिली होती. मुलुंडच्या प्रत्येक गाडीचा डबा कुठे लागतो हे त्यांना तोंडपाठ होते, पण सोळा नंबरच्या आजींचे नाव ठाऊक नव्हते. पोळ्यांची बाई आणि भांड्यांची बाई यांत त्यांचा घोळ व्हायचा. मात्र बँकेतली सवय म्हणून त्यांनी एक वही घातली, आणि माझ्या मते या प्रकरणात हाती लागलेली सर्वांत मोलाची वस्तू ती वही आहे. नोंदी गाड्यांच्या वेळांसारख्या, मिनिटावर मिनिट. “११.२३. सात नंबर. सिलेंडर. कोड फोनवर घेतला. रेग्युलेटर त्यानेच लावला, गळती पाहिली.” “१.०७. पंधरा नंबर. शाळेची बस. मुलगा आला, चावी दिली.” “३.४१. बारा नंबर. कुरिअर. सही केली, वस्तू माझ्याकडे.” “४.१५. सोळा नंबरच्या आजी जिन्यात बसल्या होत्या. दम लागला म्हणाल्या. पाणी दिले. मुलाला फोन करू नका म्हणाल्या. केला.” पहिल्या महिन्यात अशा ब्याण्णव नोंदी झाल्या. नानांनी वही समितीपुढे ठेवली तेव्हा खजिनदारांनी ती शांतपणे शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, “हे सगळं काकू करायच्या?” नाना म्हणाले, “त्या लिहीत नव्हत्या.”

काकू ऑक्टोबरच्या शेवटी काठी घेऊन परतल्या. चाव्या पुन्हा पाटावर लावायच्या का, हा प्रश्न आम्ही त्यांच्यासमोर ठेवला, आणि त्याबरोबर समितीने संमत केलेला दरमहा तीन हजार रुपयांच्या मानधनाचा प्रस्तावही. खजिनदारांना हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा याची चिंता होती. काकूंनी ती वाचवली. त्या म्हणाल्या, “पैसे घेतले की मला दुपारी आडवं व्हायची चोरी होईल.” त्यांना राग आला नव्हता, पण पुन्हा विचारू नये इतके ते स्पष्ट होते. मग त्यांनी नानांची वही मागितली, चष्मा लावून एक पान वाचले आणि १.०७ च्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाल्या, “जेवला का तो?” नानांनी विचारले नव्हते. त्या दिवसापासून वहीत त्या वेळेच्या पुढे आणखी एक शब्द लिहिलेला असतो, ‘जेवला’ किंवा ‘नाही’.

सध्या चार घरांना आकड्यांची कुलुपे आहेत, सात चाव्या पाटावर परत आल्या आहेत. काकू जिना चढू शकत नाहीत, म्हणून दार त्यांचे आणि पाय नानांचे अशी वाटणी आहे. गच्चीवरच्या व्हॉल्व्हना मी नंबर रंगवून घेतले. काकूंच्या सांगण्यावरून सुतळी तशीच ठेवली आहे.

ही व्यवस्था किती टिकेल याचा अंदाज करणे अवघड नाही, कारण इमारतीची संरचनात्मक तपासणी होऊन पुनर्विकासाचा विषय पटलावर आला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी निघालेल्या शासन निर्णयाप्रमाणे त्यासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, आणि ती आमच्याकडे मिळेल असे दिसते. मी स्वतः संमती देणार आहे. माझ्या आईला तीन मजले चढवत नाहीत. गेल्या महिन्यात वास्तुविशारदांनी प्राथमिक आराखडा दाखवला. दोन लिफ्ट आहेत, जनरेटर आहे, प्रत्येक घराला सध्यापेक्षा मोठे स्वयंपाकघर आहे. तळमजल्यावर गाड्या उभ्या राहणार असल्याने तिथे एकही घर नाही आणि गेटकडे उघडणारी एकही खिडकी नाही. काकूंना चौथ्या मजल्यावर मागच्या बाजूचे घर दाखवले आहे, उजेडाचे आणि हवेशीर.

नानांनी हात वर करून विचारले, की पाट कुठे लावायचा. वास्तुविशारदांना प्रश्न कळला नाही, त्यांना वाटले फर्निचरबद्दल आहे. मी थोडक्यात समजावून सांगितले तेव्हा त्यांनी प्रवेशद्वाराजवळ कुरिअरसाठी कुलूपबंद कप्पे देता येतील, असे आश्वासन दिले. इतिवृत्त लिहिताना मी हा मुद्दा ‘आयत्या वेळचे विषय’ या शीर्षाखाली घातला आणि त्यापुढे ‘चर्चा झाली, निर्णय प्रलंबित’ असे नोंदवले.